जुना ॲम्प किलोनं देऊ नका, आधी उघडून बघा

हल्ली आपल्या इंदूरला रामबाग म्हणा, नारायण बाग म्हणा, जिकडे बघावं तिकडे जुनी घरं पाडून मल्ट्या उभ्या राहतायत, आणि घर रिकामं करायला घेतलं की माळ्यावरून, दिवाणातून जुनं ऑडिओचं सामान बाहेर निघतं. मग फोन येतो, दादा, बाबांचा एक जुना ॲम्प्लिफायर निघालाय, उचलवत नाही इतका जड आहे, भंगारवाला किलोनं मागतोय, देऊन टाकू का? माझं उत्तर ठरलेलं, अजिबात देऊ नका, आधी मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. मागे मॉडेल नंबर असतो, किती व्होल्टवर चालतो ते असतं, किती वॉट खातो ते असतं, निम्मी कुंडली तिथेच कळते. भंगारवाल्याला तुमच्या मॅरांट्झसारख्या नावाजलेल्या कंपनीशी काही घेणंदेणं नाही, त्याचा डोळा ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यावर असतो.

माझं मत सरळ सांगतो. साधारण १९७० ते १९८० च्या मधला, चांगल्या कंपनीचा, नीट सर्व्हिस केलेला ॲम्प आजही तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या बहुतेक नव्या डब्यांपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि त्याचं कारण लोक सांगतात ते "जुन्याचा आवाज कसा गोड, कसा वॉर्म" वगैरे नाही. चांगल्या ॲम्पनं आवाजाला स्वतःचा रंग लावायचाच नसतो, रेकॉर्डवर जे आहे ते मोठं करून स्पीकरला द्यायचं बस. १९७७ चा चांगला ॲम्प आणि आजचा चांगला ॲम्प, दोघांचा आवाज बरोबर सारख्या लेव्हलला आणून ऐकवले तर फरक सांगताना भल्याभल्यांची दमछाक होते, आणि माझ्या मते त्या जुन्या मशीनचं याहून मोठं कौतुक नाही. कारण मुख्यतः दोन. एक म्हणजे त्यांचे वॉट खरे होते आणि दुसरं म्हणजे ते उघडून दुरुस्त करता येतात.

वॉटचं आधी बघू. १९७४ मध्ये अमेरिकेत त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला की ॲम्पची पॉवर जाहिरातीत लिहायची तर दोन्ही चॅनल एकदम चालू ठेवून, सतत मिळणारी, किती ओमच्या लोडवर (म्हणजे स्पीकरच्या रोधावर) आणि किती डिस्टॉर्शनला (म्हणजे आवाजाच्या विकृतीला) ते सगळं सांगून लिहा. त्याआधी जो तो मनाला येईल तो आकडा छापायचा. शिवाय मोजायच्या आधी ॲम्प एक तृतीयांश पॉवरवर तासभर तापवायचा अशी अट होती, आणि क्लास एबी ॲम्प (त्या काळचा नेहमीचा प्रकार) साधारण तेवढ्या पॉवरवरच भरपूर तापतो, त्यामुळे कंपन्यांना हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे ठोकळे, मोठे लावणं भागच पडलं. त्या काळातल्या जपानी ॲम्पचे ते जाडजूड हीटसिंक आणि अवजड ट्रान्सफॉर्मर बघितले की कळतं तासभर तापवून मोजणं म्हणजे काय असतं. पुढे तर शर्यतच लागली, पायोनियरचा एसएक्स-१२५० हा १९७६ चा रिसीव्हर (म्हणजे आतच रेडिओ असलेला ॲम्प) १६० वॉटचा, दोनच वर्षांनी आलेला एसएक्स-१९८० सरळ २७० वॉटचा, एका चॅनलला, आणि वजन ३५ किलोच्या आसपास. आणि मग आपल्याकडे नव्वदच्या दशकात काय आलं ते आठवा, हातात मावेल एवढे प्लास्टिकचे स्पीकर आणि खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे म्हणे क्षणभराची कमाल पॉवर, हजार वॉट! त्या आकड्याला काही म्हणजे काही अर्थ नव्हता, पण एक आख्खी पिढी तेच वॉट समजून मोठी झाली, त्यामुळे आज कुणाला म्हटलं हा ॲम्प वीस वॉटचा आहे तर तो नाक मुरडतो.

अहो, वीस वॉट खूप झाले घरात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे चाळीसचा ऐंशी केला तर थोडासा मोठा वाटेल इतकंच. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एका वॉटला एवढा आवाज देणारे) स्पीकर असले तर रोजचं ऐकणं एखाद्या वॉटमध्ये होतं, बाकीचे वॉट ढोलकीची थाप, तबल्याचं ठाशीव सम असल्या क्षणांसाठी राखीव.

आणि याच मुद्द्यावर ज्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही तो म्हणजे एनएडी कंपनीचा ३०२०. १९७८ चा, कागदावर फक्त २० वॉट, दिसायला अगदी साधा काळपट डबा, पुढे ना काट्याचे मीटर ना चकचकीत ॲल्युमिनियम. एरिक एडवर्डसेन नावाच्या इंजिनियरनं तो डिझाइन केला आणि त्यानं डोकं नेमकं तिथे लावलं जिथे इतर लोक स्पेसिफिकेशनचा कागद सुंदर करण्यात गुंतले होते. प्रयोगशाळेत ८ ओमचा रेझिस्टर लावून मोजणं वेगळं आणि खरा स्पीकर चालवणं वेगळं, खऱ्या स्पीकरचा इम्पिडन्स (म्हणजे रोध) सुरागणिक खालीवर होतो, कुठे ४ ओमच्या खालीही जातो, आणि तिथे करंट कमी पडला की आवाज चिरडतो. ३०२० तिथे दबत नाही. घटकाभर लागणाऱ्या जोरासाठी त्यात लिहिलेल्या पॉवरपेक्षा बरीच जास्त ताकद शिल्लक असते, वर मागे सॉफ्ट क्लिपिंगचं एक छोटं बटण, म्हणजे मर्यादेबाहेर गेला तरी कानाला ओरखडा येत नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, सुरुवातीच्या मॉडेलमध्ये आउटपुटला २एन३०५५ आणि त्याची जोडी एमजे२९५५. म्हणजे आपल्या महाराणी रोडपासून जेल रोडपर्यंत कुठल्याही जुन्या मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारलं तरी जो ट्रान्झिस्टर माहीत आहे तोच! लग्नातल्या भोंग्याच्या ॲम्पमध्ये तो, बॅटरी चार्जरमध्ये तो, आणि जगभर नावाजलेल्या ॲम्पमध्येही तोच. फक्त सर्किट करणाऱ्याला काय करायचंय ते कळत होतं.

३०२० घेताना एक बघा, मागे प्री-आउट आणि मेन-इन यांना जोडणाऱ्या धातूच्या यू आकाराच्या पिना आहेत ना? त्या काढून कुणी हरवल्या की आवाज येत नाही आणि माणूस समजतो ॲम्प मेला. तिथे साधी छोटी आरसीए वायर लावली तरी चालतं.

दुसरा माझा लाडका म्हणजे क्वाड ३०३, पीटर वॉकर यांच्या इंग्लंडच्या कंपनीचा, १९६७ चा, ४५ वॉटचा, बुटाच्या खोक्याएवढा. त्याचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड आहे, त्यामुळे मेन्सची चढउतार तो बऱ्यापैकी पचवतो, आणि आउटपुटला मोठा कंडेन्सर असल्यामुळे आत काहीही उडालं तरी सहसा डीसी, म्हणजे स्पीकर जाळणारा एकाच दिशेचा करंट, स्पीकरपर्यंत पोचत नाही. ज्यांच्याकडे जुने महागडे स्पीकर आहेत त्यांना ही केवढी निश्चिंती! पुढे १९७५ मध्ये त्यांचा ४०५ आला, १०० वॉटचा, त्यातलं करंट डम्पिंगचं सर्किट असं की बायस (तो काय ते पुढे सांगतो) ॲडजस्ट करायची भानगडच ठेवली नाही. एक छोटा, अत्यंत स्वच्छ ॲम्प सूर सांभाळतो आणि मोठे ट्रान्झिस्टर नुसता करंट ओततात. ३०३ आणि ४०५ दोघांनाही वेगळा प्रीॲम्प, म्हणजे व्हॉल्यूम आणि इनपुट निवडायचा पुढचा डबा, लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

जपान्यांमध्ये सान्सुईचा एयू-७१७ (१९७७, ८५ वॉट) मिळाला तर सोडू नका. मॅरांट्झ २२७० सुंदरच आहे, त्या निळ्या डायलसाठी लोक वेडे आहेत आणि त्यामुळेच त्याचा भाव नको तितका चढलाय, आवाजाचा म्हणाल तर त्याचे कमी वॉटवाले भाऊ त्याच रांगेत बसतात आणि स्वस्तात येतात. यामाहाच्या सीए-१००० ला पुढेच क्लास ए चं बटण आहे, त्यात ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू राहतात आणि ॲम्प भरपूर तापतो, उन्हाळ्यात इंदूरला ते दाबायच्या आधी पंखा लावा. वॉल्व्हवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, डायनाको एसटी-७० (१९५९, ३५ वॉट, किट म्हणून घरी जोडायचा) किंवा क्वाड टू ही थोर मशीनं आहेत यात वादच नाही, पण वॉल्व्ह हा झिजणारा माल आहे, आपल्या बंगलोरच्या बीईएलनं एके काळी बनवलेले वॉल्व्ह आता कुणाच्या कपाटात सापडले तर सापडले. ज्याला रोज तीन-चार तास ऐकायचंय त्यानं ट्रान्झिस्टरच घ्यावा असं मी म्हणेन.

आपल्याकडचे सांगायचे तर कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासूनची, दिल्लीची अहुजा तर १९४० पासूनची. अहुजाचा ॲम्प गणपतीत, लग्नात, कीर्तनात सगळ्यांनी ऐकलाय, तो हायफाय नाही आणि तसा तो कधी म्हणालाही नाही, पण पावसात-धुळीत दहा दिवस अखंड चालणं ही काय कमी गोष्ट आहे का.

एका प्रकारापासून मात्र लांब राहायला सांगतो. ऐंशीच्या मध्यानंतर बऱ्याच ॲम्पमध्ये सुटे ट्रान्झिस्टर जाऊन एसटीके नावाचा एकच मोड्यूल आला, काळ्या वडीसारखा, खाली ॲल्युमिनियमची पट्टी. चालतोय तोवर काहीच तक्रार नाही, गेला की बसा शोधत. अस्सल बनायचे बंद झाले आणि बाजारात त्याच नंबरचे नकली भरपूर, लावला की पहिल्या जोराच्या सुरालाच धूर. म्हणून मी म्हणतो दिसायला जास्त मॉडर्न असलेल्या १९८८ च्या सेटपेक्षा १९७६ चा परवडला, कारण झाकण काढलं की एकेक पार्ट सुटा दिसतो, त्यावर नंबर छापलेला, सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, सर्किट कागदावर बोट ठेवून वाचता येतं. आजचे क्लास डी ॲम्प (ट्रान्झिस्टर झपाझप चालू-बंद करून चालणारे) चांगले आहेत, खरंच चांगले आहेत, वीज कमी खातात, गरम होत नाहीत, मोजलं तर आकडे बघून थक्क व्हायला होतं. पण बोर्ड गेला तर बोर्ड बदला, आणि पाच-सात वर्षांनी तो बोर्ड मिळेल का, तर कुणी सांगावं.

आता मूळ मुद्दा, नीट सर्व्हिस केलेला म्हणजे काय. माळ्यावरून काढला, फडक्यानं पुसला आणि प्लग लावला, असं करू नका, कळकळीनं सांगतो. महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत एक काका आहेत, ज्यांच्याकडे बसून मी हे सगळं शिकलो, ते म्हणतात, "अरे बाळा, तीस वर्षं अंथरुणावर पडलेला माणूस आहे हा, त्याला एकदम पळायला लावशील तर कोसळेल. आधी बल्ब लाव." बल्ब म्हणजे सीरिजचा बल्ब, फेजच्या वायरीत मध्ये १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब घालायचा. ॲम्प चालू केला की बल्ब क्षणभर झगझगीत पेटतो आणि मग मंद होत होत जवळजवळ विझतो, तसं झालं तर ठीक, आतले फिल्टर कंडेन्सर भरले. पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा, आणि बल्ब मध्ये असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. एलईडी बल्बनं हे काम होत नाही, त्यामुळे घरात एखादा जुना पिवळा बल्ब उरला असेल तर जपून ठेवा, आता शोधावा लागतो.

त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटला मल्टिमीटर लावून डीसी किती येतंय ते बघायचं. वीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत असेल तर चिंता नाही, शंभराच्या वर असेल तर स्पीकर जोडायचाच नाही, आणि व्होल्टमध्ये असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेत असंच धरून चाला. मग इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, यांचं वय होतं, आतलं द्रव सुकतं, ते बदलावेच लागतात. त्या काळच्या जपानी सेटमध्ये मोठे कंडेन्सर बोर्डाला चिकटवायला जो डिंकासारखा गोंद वापरलाय तो वर्षांनुवर्षं तापून काळा-तपकिरी होतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो, तो खरवडून काढायला लागतो, कंटाळवाणं काम आहे पण टाळता येत नाही. २एसए७२६ नावाचा एक छोटा ट्रान्झिस्टर त्या काळी पुष्कळ सेटमध्ये आहे, जुना झाला की स्पीकरमधून मधूनच फस्स, टिक टिक असा आवाज यायला लागतो, दिसला की बदला. आणि एक चॅनल हळू आवाजात गायब, व्हॉल्यूम वाढवला की फटकन परत येतो, असं असेल तर दहापैकी नऊ वेळा स्पीकर रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आतला स्विच, त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत.

पण सगळ्यात महत्त्वाचं बायस. हे जरा सविस्तर सांगतो कारण हे कानानं ओळखता येतं. क्लास एबी ॲम्पमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा, आणि मधे शून्यापाशी एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवायचं असतं. तिथे दोघेही थोडे जागे राहावेत म्हणून जो करंट सतत सोडून ठेवलेला असतो तो बायस. वर्षं जातात, छोटे प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचे रेझिस्टर) गंजतात, बायस घसरतो, आणि मग शून्यापाशी लाट तुटते, त्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. गंमत अशी की मोठ्या आवाजात हे कळत नाही, हळू आवाजात जास्त कळतं, कारण लाटच लहान असते आणि तुटलेला भाग त्यात मोठा ठरतो.

म्हणून ॲम्प तपासायला मी धमाकेदार काही लावत नाही. रात्री रस्ता शांत झाला की आपल्या अमीर खाँसाहेबांचा मारवा लावतो, एचएमव्हीची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. इंदूरचंच गाणं, म्हणून प्रेम आहेच, पण तपासणीलाही याहून कठीण परीक्षा नाही. ती अतिविलंबित लय, तो मंद्रात खोल उतरणारा आवाज, सुरांच्या मधल्या त्या लांबच लांब जागा, आणि सगळ्याच्या मागे तंबोरा. व्हॉल्यूम अगदी खाली आणायचा, शेजारच्या खोलीत झोपलेल्याला कळू नये इतका, आणि फक्त तंबोऱ्याकडे लक्ष द्यायचं. जवारी सुटी सुटी, लांबपर्यंत झंकारत राहणारी ऐकू आली तर ॲम्प ठीक. त्याच जवारीवर बारीक वाळू सांडल्यासारखी खरखर आली, सूर संपताना विरघळून न जाता तुटला, तर बायस गेलाय, मल्टिमीटर काढा. काकांनी एका सान्सुईचा बायस माझ्यासमोर मॅन्युअलमधल्या आकड्याला आणला, छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं केसभर फिरवलं असेल, आणि तोच तंबोरा एकदम खोलीत पसरला. काका काही बोलले नाहीत, फक्त मान डोलावली आणि चहा सांगितला.

आणि रेकॉर्डचा विषय निघालाच आहे तर, या जुन्या ॲम्पमध्ये फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, आतच असतो, वेगळा डबा घ्यावा लागत नाही, आणि तो बहुतेक वेळा चांगलाच असतो कारण तेव्हा लोकांचं मुख्य ऐकणंच रेकॉर्डवर होतं. रात्री हळू ऐकणाऱ्यांसाठी लाउडनेसचं बटण पण तेवढंच कामाचं, हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बटण तेवढा भरून काढतं. दिवसा मोठ्यानं लावताना मात्र ते बंद ठेवा.

व्होल्टेजचं विसरू नका. जपानमध्ये विकायला बनलेला सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा, तो सरळ आपल्या २३० ला लावला की खेळ खल्लास. बऱ्याच एक्स्पोर्ट मॉडेलला मागे सिलेक्टर असतो, त्यात २४० ची खूण असेल तर तीच ठेवा, आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज चढतं. सिलेक्टर नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, मागच्या पट्टीवर जेवढे वॉट खातो लिहिलंय त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा, बाजारात मिळणारे हलके स्वस्तातले नकोत, ते स्वतःच गुणगुणत बसतात.

मोबाइल किंवा ब्लूटूथचा डबा जोडणार असाल तर ऑक्स (AUX) लिहिलेल्या इनपुटला जोडा, चुकूनही फोनोला नाही. त्यातही एक गोष्ट, जुन्या ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्ट पुरतात आणि आजचे डीएसी, म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारे डबे, दोन व्होल्टपर्यंत सोडतात, त्यामुळे व्हॉल्यूम जरा सरकवला की घर दणाणतं आणि बाकी सगळी चकती फुकट जाते. मोबाइलचा व्हॉल्यूम थोडा कमी ठेवा, किंवा मेकॅनिककडून दोन-दोन रेझिस्टर घालून केबल बनवून घ्या, अगदी क्षुल्लक खर्च आहे.

आणि आवाज येतच नसेल तर कुणालाही बोलवायच्या आधी पुढचं टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं नाही ना ते बघा. ते दाबलेलं असलं की ॲम्प टेपरेकॉर्डरची वाट बघत बसतो, आणि असे कितीतरी चांगले सेट "बंद पडलाय" म्हणून भंगारात गेलेत.

सर्व्हिसला देताना नॉब, वरचं झाकण, पाय, स्क्रू सगळं मोजून द्या आणि मोजून परत घ्या. कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, रिले सगळं मिळतं, पण १९७५ च्या सान्सुईचा नॉब हरवला तर दुसरा सान्सुई मरेपर्यंत मिळत नाही.